मुक्तांबेचे छत्र : तंजावरहून समुद्रापर्यंत तीन दिवस

दोन-तीन दिवसांची सुटी जोडून आली की घरोघरी एकच प्रश्न निघतो, जायचे कुठे? जपानी माणसाला हा प्रश्न फारसा पडत नाही. तो गरम पाण्याच्या झऱ्याचे एखादे गाव निवडतो, तिथल्या जुन्या पद्धतीच्या विश्रामगृहात राहतो, ऊन पाण्यात अंग शेकतो, पोटभर जेवतो आणि ताजातवाना होऊन कामावर परततो. यातली काही गावे मुळात यात्रेच्या वाटेवरची आहेत. कुमानोच्या देवस्थानांकडे डोंगरवाटेने चालत निघालेले यात्रेकरू युनोमिने या गावच्या झऱ्यात स्नान करून पुढे जात. ही यात्रेची वाट २००४ साली जागतिक वारसा म्हणून जाहीर झाली आणि त्या झऱ्याचे छोटेसे स्नानघरही त्या वारशात आले.

थकलेल्या वाटसरूला ऊन पाणी, गरम जेवण आणि निर्धास्त झोप मिळावी, ही कल्पना आपल्यालाही नवी नाही. तमिळनाडूच्या तंजावर जिल्ह्यात मराठी राजांनी ती मोठ्या प्रमाणावर अमलात आणली होती. फरक इतकाच, की तिथे वाटसरूकडून पैसा घेतला जात नसे. त्या व्यवस्थेची एक देखणी खूण ओरत्तनाडु या गावात आजही उभी आहे. मदुराई-रामेश्वरची यात्रा करणारी मराठी कुटुंबे तंजावरचे मोठे देऊळ पाहून पुढे निघून जातात. त्यांनी आणखी दोन दिवस काढले, तर आपल्याच इतिहासाचे एक हरवलेले पान त्यांना वाचायला मिळेल.

पहिला दिवस : तंजावर

सहलीचा मुक्काम तंजावरलाच ठेवावा. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांनी १६७५-७६ च्या सुमारास येथे भोसल्यांची गादी स्थापन केली आणि ती १८५५ पर्यंत चालली. एवढा काळ या तमिळ मुलखाच्या दरबारात मराठी बोलली गेली आणि कारभाराचे कागद मोडीत लिहिले गेले.

सकाळी लवकर बृहदीश्वराचे दर्शन घ्यावे. राजराज चोळाने १०१० साली पूर्ण केलेल्या या देवळाचे शिखर पाहून मान दुखू लागते. पण मराठी माणसाने शिखर पाहून झाल्यावर आवाराच्या भिंतीकडेही वळावे. सरफोजी महाराजांनी १८०३ साली भोसले घराण्याचा इतिहास येथे मराठीत, देवनागरी अक्षरांत दगडावर कोरून घेतला. चोळांच्या तमिळ शिलालेखांच्या शेजारी आपली भाषा ओळीमागून ओळी वाचता येते, तेव्हा लहान मुलेही बोट ठेवून अक्षरे लावू लागतात. दुपारी देऊळ बंद असते, त्यामुळे हा कार्यक्रम सकाळीच उरकावा.

त्यानंतर राजवाडा आणि त्याच्या आवारातले सरस्वती महाल ग्रंथालय पाहावे. तमिळ, तेलुगू आणि संस्कृतबरोबर मराठीचीही तीन हजारांवर हस्तलिखिते येथे आहेत. ती सर्वांना हाताळता येत नाहीत, पण ग्रंथालयाच्या संग्रहालयात निवडक पोथ्या, चित्रे आणि नकाशे मांडलेले असतात.

हा संग्रह वाढवणारे सरफोजी राजे (दुसरे) या सहलीचे खरे यजमान. त्यांचा जन्म १७७७ चा. तुळजाजी राजांनी त्यांना दत्तक घेतले आणि श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण झाले. १७९८ साली ते गादीवर आले, पण पुढच्याच वर्षी कंपनी सरकारने तह करून राज्याचा कारभार आपल्या हाती घेतला. राजांकडे उरला तो तंजावरचा किल्ला, वाडा आणि महसुलातला ठरावीक वाटा. दुसरा एखादा राजा अशा वेळी ऐषारामात बुडाला असता. सरफोजींनी ग्रंथ जमवले, छापखाना काढला, धन्वंतरी महाल नावाची वैद्यकशाळा चालवली. आणि कंपनीपुढे एका गोष्टीसाठी आग्रह धरला, ती म्हणजे छत्रे.

छत्र म्हणजे काय?

आपण ज्याला अन्नछत्र म्हणतो त्याचेच हे मोठे भावंड. तमिळमध्ये त्याला ‘चत्तिरम’ म्हणतात. काशीहून रामेश्वराला जाणारे यात्रेकरू तंजावरच्या मुलखातून समुद्रकाठाने सेतुबंधाकडे जात. ही वाट पायी तुडवायची, तीही उन्हातान्हात. म्हणून मराठी राजांनी आणि त्यांच्या राण्यांनी वाटेवर ठिकठिकाणी छत्रे बांधली आणि त्यांच्या खर्चासाठी गावांचे उत्पन्न लावून दिले. बहुतेक छत्रांना राजघराण्यातल्या स्त्रियांची नावे आहेत. नीडामंगलमचे छत्र यमुनांबेचे, मणमेलकुडीचे द्रौपदांबेचे.

१८०१ साली सरफोजींनी कंपनीच्या तंजावरच्या रेसिडेंटला एक लांबलचक पत्र लिहिले. छत्रांना लावून दिलेले उत्पन्न तोडू नये, ती आपल्या देखरेखीखाली राहू द्यावीत, ही त्यातली विनवणी. छत्रांत काय चालते, याचा तपशील त्यात आला आहे आणि तो वाचताना आजही आश्चर्य वाटते.

ब्राह्मणापासून त्या काळी अस्पृश्य मानलेल्या माणसापर्यंत, जोगी, जंगम, बैरागी, कोणीही वाटसरू आला तरी त्याला अन्न मिळे. शिजवलेला भात ज्याला चालत नसे त्याला शिधा दिला जाई. वाढप मध्यरात्रीपर्यंत चाले. मग घंटा वाजवून पुकारा करत, कोणी उपाशी राहिले असेल तर त्याने यावे. आजारी वाटसरूला औषध, पथ्याचे जेवण आणि बरे होईपर्यंत आसरा असे. साप-विंचवाचे विष उतरवणारे वैद्यही नेमलेले असत. तान्ह्या मुलांना दूध मिळे. वाटेत बाळंत झालेल्या बाईला तीन महिने ठेवून घेत. कोणी तिथेच मरण पावला, तर त्याच्या जातीच्या रीतीप्रमाणे त्याचे अंत्यसंस्कार होत.

आणि त्याची मुले मागे राहिली तर? ती छत्राची होत. त्यांना पंतोजीच्या हवाली करत, दिवसातून तीनदा जेवू घालत, कपडे देत, दर चार दिवसांनी तेल लावून न्हाऊ घालत. ज्या विद्येची आवड असेल ती शिकवत आणि पुढे लग्नाचा खर्चही करत. परक्याच्या पोरक्या मुलाला आठवणीने अभ्यंग घालावे, असे ज्या व्यवस्थेला सुचले तिचे मोजमाप केवळ वाढलेल्या पानांच्या आकड्यांनी होणार नाही.

दुसरा दिवस : ओरत्तनाडु

तंजावरहून पट्टुकोट्टैला जाणारी बस ओरत्तनाडुवरूनच जाते. अंतर सुमारे पंचवीस किलोमीटर. घर-गाडीने गेल्यास तासाभरात पोहोचता येते. शहर मागे पडले की दुतर्फा भाताची खाचरे आणि नारळीच्या बागा सुरू होतात. नोव्हेंबर २०१८ मध्ये आलेल्या ‘गज’ चक्रीवादळाने या पट्ट्यातल्या असंख्य नारळी उन्मळून टाकल्या. नारळाचे झाड उभे राहून फळ देऊ लागायला वर्षे लागतात, त्यामुळे इथल्या शेतकऱ्याची ती जखम लवकर भरणारी नव्हती.

ओरत्तनाडु हे तालुक्याचे गाव. बाजार, शाळा, सरकारी कचेऱ्या, अलीकडे झालेले पशुवैद्यकीय महाविद्यालय, असे त्याचे आजचे रूप. पण याचे दुसरे नाव आहे मुक्तांबाळपुरम, म्हणजे मुक्तांबेचे पूर.

मुक्तांबा ही सरफोजींची आवडती सखी. ती पट्टराणी नव्हती. असे सांगतात, की मरणशय्येवर असताना तिने राजाकडे एकच मागणे मागितले, माझ्या नावाने एक छत्र चालवा. राजाने ते वचन पाळले आणि एकोणिसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला येथे ‘मुक्तांबाळ छत्र’ उभे राहिले. शाहजहानने आपल्या प्रियेसाठी संगमरवरी कबर बांधली, तिची कीर्ती जगभर झाली. सरफोजींनी प्रियेच्या स्मरणार्थ परक्यांसाठी चूल पेटवली, ती मात्र फारशी कोणाला ठाऊक नाही.

इमारत प्रशस्त आहे. दगडी चौथरा, त्यावरचे हत्ती-घोड्यांचे कोरीव काम, आत चौक आणि कोरलेले लाकडी खांब. कोकणातला किंवा देशावरचा जुना वाडा पाहिलेल्या माणसाला चौकात उभे राहताच ओळखीचे वाटेल. येथे यात्रेकरूंना जेवणखाण मिळे, शिवाय मुलांची मोठी शाळा चाले. जवळच्या कण्णंदंगुडी गावी सरफोजींनी गरीब ख्रिस्ती मुलांच्याही पालनपोषणाची आणि शिक्षणाची सोय केली होती. आपल्या ख्रिस्ती गुरूचे ऋण त्यांनी असे फेडले.

मग हे सारे थांबले कसे? १८५५ मध्ये शेवटचे राजे शिवाजी (दुसरे) वारस न ठेवता वारले, गादी खालसा झाली आणि छत्रे सरकारच्या हाती गेली. नंतर आगगाडी आली. १९१४ मध्ये पांबनचा पूल सुरू झाला आणि रामेश्वराची यात्रा रुळांवरून होऊ लागली. पायी येणारा वाटसरूच उरला नाही, तेव्हा मध्यरात्रीची घंटा कोणासाठी वाजवायची? छत्रांचा कारभार जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेरीकडे राहिला. मुक्तांबेच्या वास्तूत पुढे अनेक वर्षे शाळा आणि विद्यार्थ्यांचे वसतिगृह चालले. एका अर्थी तिचे अर्धे काम त्यातून चालूच राहिले. पण दुरुस्तीकडे दुर्लक्ष होत गेले तसे बांधकाम खचत गेले, भिंतींवर झाडे उगवली.

जुन्या इमारतीला पावसाइतकाच धोका विस्मरणाचा असतो. ज्या वास्तूकडे कोणी फिरकत नाही, तिच्या छपराची चौकशीही कोणी करत नाही. मराठी पर्यटक येथे येऊ लागले, स्थानिक लोकांना तिच्याविषयी विचारू लागले, तर तिचे मोल गावालाही जाणवेल. राजा मराठी होता, पण त्याने जेवू घातले ते या मातीतल्या आणि मातीबाहेरच्या सगळ्यांना. त्यामुळे ही वास्तू तमिळ माणसाचीही तितकीच आहे. आत जाण्याआधी तिथे असलेल्यांची परवानगी जरूर घ्यावी आणि पडक्या भागात मुलांना सोडू नये.

समुद्रकाठचा मनोरा

ओरत्तनाडुहून आणखी पंचवीस किलोमीटरवर पट्टुकोट्टै. तिथे दुपारचे जेवण घ्यावे आणि समुद्राकडे निघावे. पट्टुकोट्टैपासून सुमारे वीस किलोमीटरवर, मल्लिपट्टिणमजवळ किनाऱ्यावर, सरफोजींनीच बांधलेला मनोरा आहे. नेपोलियनचा पाडाव झाल्याच्या आनंदाप्रीत्यर्थ १८१४-१५ मध्ये उभारलेली ही आठ मजल्यांची षट्कोनी इमारत. तंजावरच्या मराठी राजाने युरोपातल्या लढाईचे स्मारक बंगालच्या उपसागराकाठी बांधावे, यात कंपनीची मर्जी राखण्याचा हेतू स्पष्ट दिसतो. ओरत्तनाडुची वास्तू वचनापोटी उभी राहिली आणि ही गरजेपोटी. एकाच राजाची ही दोन रूपे एका दिवसात पाहायला मिळतात. २००४ च्या त्सुनामीत मनोऱ्याचेही नुकसान झाले होते.

येथून समुद्रकाठाने थोडे पुढे गेले की ‘सेतुबावाछत्रम’ नावाचे गाव लागते. तमिळ पाट्यांच्या गर्दीत ‘बावा’ आणि ‘छत्र’ हे दोन शब्द वाचले, की सेतुबंधाची जुनी वाट कुठून जात होती ते सांगावे लागत नाही.

तिसरा दिवस : नीडामंगलम

तिसऱ्या दिवशी सकाळी तंजावरच्या पूर्वेला सुमारे तीस किलोमीटरवर असलेल्या नीडामंगलमला जाऊन यावे. तेथील छत्र प्रतापसिंह राजांच्या काळचे, म्हणजे अठराव्या शतकाच्या मध्यातले. ओरत्तनाडुच्या छत्राशी त्याची तुलना केली की दोन पिढ्यांमधला फरक कळतो. वेळ असल्यास पुढे मन्नारगुडीचे राजगोपालस्वामींचे भव्य मंदिरही पाहता येईल. संध्याकाळपर्यंत तंजावरला परतून परतीची गाडी पकडावी.

जाण्यापूर्वी

मुंबई-पुण्याहून चेन्नई गाठून तेथून रात्रीच्या रेल्वेने तंजावरला जाणे सोयीचे. विमानाने जाणाऱ्यांना तिरुचिरापल्ली जवळ पडते. तिथून तंजावर साठ किलोमीटरच्या आत आहे.

हवा डिसेंबरअखेरपासून फेब्रुवारीपर्यंत चांगली असते. ऑक्टोबर ते डिसेंबर हा या भागातला खरा पावसाळा, वादळेही तेव्हाच येतात. एप्रिल-मे मध्ये उन्हाचा कहर असतो. पोंगलच्या सुमारास, जानेवारीच्या मध्यावर गाड्यांना गर्दी असते, म्हणून आरक्षण आधी करावे.

राहण्यासाठी तंजावरमध्ये राज्य पर्यटन महामंडळाच्या हॉटेलपासून साध्या लॉजपर्यंत सर्व सोयी आहेत. ओरत्तनाडुत मुक्कामाचा बेत करू नये. दुसऱ्या दिवसासाठी भाड्याची गाडी ठरवली तर मनोरा पाहून रात्रीपर्यंत आरामात परत येता येते. बसनेच जायचे असल्यास पहाटे निघावे. पाण्याच्या बाटल्या, टोप्या आणि मुलांसाठी थोडा खाऊ बरोबर असावा. हिंदी फारशी चालत नाही. ‘मुक्तांबाळ चत्तिरम’ हे दोन शब्द कागदावर तमिळमध्ये लिहून घेतले तर वाट विचारणे सोपे जाते. तंजावरमध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मराठी कुटुंबे आहेत. त्यांची मराठी जुन्या वळणाची आणि तमिळच्या सुरातली असते. ती कानावर पडली तर हसू नये, दोन शब्द बोलावे.

झऱ्याकाठच्या सहलीतून माणूस अंगाचा शीण घालवून येतो. या सहलीत थोडी पायपीट आहे, ऊनही आहे. पण पाहुण्याचा धर्म, जात, भाषा न विचारता त्याच्यापुढे पान मांडणारी एक व्यवस्था आपल्याच लोकांनी परमुलखात उभी केली होती, हे मुलांना पुस्तकाऐवजी त्या चौकात उभे राहून कळेल. रामेश्वराच्या पुढच्या यात्रेत दोन दिवस अधिक ठेवायला एवढे कारण पुरेसे आहे.