झीलकरी

माझे वडील शाहिराच्या मागे झील धरतात. शाहीर डफावर थाप मारून पोवाड्याची ओळ टाकतो आणि मागचे तिघेचौघे 'जी जी रं जी' करीत ती उचलून धरतात. त्यांतले तुणतुणे धरलेले ते माझे आबा. एरवी दुसऱ्याच्या रानात मजुरी आणि शिवजयंतीच्या सुमारास गावोगाव हे काम. कॉलेजात आल्यावर मी मित्रांना सांगत असे, "वडील शेती करतात." झीलकरी म्हणजे दुसऱ्याची री ओढणारा, हीच माझी समजूत. ते सांगायची मला लाज वाटे.

मला वेड गिटारचे. मांडववाल्याकडे दोन सुट्ट्या राबून एक जुनी गिटार घेतली. गेल्या वर्षी स्नेहसंमेलनासाठी एका मित्राने त्याचे डिजिटल डिले पेडल वापरायला दिले. पायाने दाबायची एक लहानशी लोखंडी डबी. गिटारची वायर तिच्यातून ॲम्प्लिफायरकडे जाते. एक सूर छेडला की क्षणभराने तोच पुन्हा उमटतो, मग आणखी एकदा, जरा हलका.

आमच्या गावची विहीर पंचावन्न फूट खोल. उन्हाळ्यात पाणी तळाला गेले की तीत ओ द्यावी. आवाज परत यायला सेकंदाचा दहावा भाग लागतो. पूर्ण सेकंदाने साद यायला हवी असेल तर साडेपाचशे फूट खोल विहीर खणावी लागेल! पूर्वी ही किमया चुंबकीय फितीवर चाले. फितीवर एका जागी सूर मुद्रित करायचा आणि ती पुढे सरकली की दुसऱ्या जागी वाजवायचा. जपानच्या रोलँड कंपनीचे १९७४ सालचे 'स्पेस एको' असेच होते. पुढे १९८३ साली बॉसचे 'डीडी-२' हे पायाखालचे डिजिटल पेडल आले. त्यात सूर ८०० मिलिसेकंदांपर्यंत मागे ठेवता येई. अशा पेडलमध्ये सूर सेकंदाला हजारो वेळा मोजला जातो, ते आकडे स्मृतीत साठतात आणि ठरल्या वेळी त्यांचा पुन्हा सूर होतो. किती वेळाने, किती वेळा आणि किती मोठ्याने, हे ठरवायला तीन खुंट्या.

आमच्या गाण्याची लय मिनिटाला १२० ठोक्यांची. ६०,००० भागिले १२०, म्हणजे ५०० मिलिसेकंद. मी खुंटी तिथे लावली. माझा हात कच्चा. तो या घुमाऱ्यात झाकला जाईल, हाही एक हिशेब होता.

प्रत्यक्षात ड्रमवाला उत्साहात पुढे धावला. त्याच्यामागे मी धावलो. पेडल मात्र ५०० वरच. प्रत्येक सूर ठोका चुकवून येऊ लागला. त्यात एक सूर चुकीचा लागला, तो पेडलने सभागृहाला चार वेळा ऐकवला. हशा पिकला. मान वर केली तर शेवटच्या रांगेत आबा! मी बोलावले नव्हते. धाकटीने सांगितले असणार. मित्र बाजूलाच होते. मी नजर वळवली.

रात्री एसटी स्टँडवर त्यांना गाठले. ते रागावले नव्हते. म्हणाले, "वाजवणं बरं हुतं. पर तुझा त्यो झीलकरी बहिरा हाय. शाहिराला धाप लागली तर आम्ही वळ लांबवतो, त्यो घाईत आला तर आखडती घेतो. त्याच्या दमावर ध्यान ठेवावं लागतं. ह्यो नुसता म्हणतोय, ऐकत न्हाई."

चौथी शिकलेल्या माणसाने माझी चूक अशी दोन वाक्यांत सांगितली. लहानपणापासून मी पोवाडे ऐकले, पण नजर कायम शाहिरावर; मागे उभे राहून आबा काय करतात, ते मी कधी पाहिलेच नव्हते.

यंदा वापरलेल्या पेडलवर टॅपची कळ होती. लयीत दोन-तीनदा पायाने दाबली की सादेचे अंतर त्या लयीला जुळते. लय बदलली की पुन्हा दाबायची. ऐकायचे काम मात्र माझेच. यंदा हसे झाले नाही.

परवा कँटीनमध्ये एकाने विचारले, "तुझे वडील काय करतात रे?"

म्हटले, "मजुरी करतात. आणि झीलकरी आहेत."

त्याला शब्द कळला नाही. मग चहा निवून जाईपर्यंत मी त्याला सांगत बसलो.