दोन आज्या, एक टीव्ही आणि २०२४

वर्ष संपलं की सगळीकडे याद्या येतात. सर्वोत्तम दहा सिनेमे, सर्वोत्तम दहा गाणी. मला त्या वाचायला आवडतात, पण त्यातलं निम्मं मी पाहिलेलं नसतं आणि उरलेलं निम्मं आमच्या घरात कुणाला तरी नावडलेलं असतं. म्हणून यंदा मी माझी यादी वेगळ्या मापाने केली. सिनेमा किंवा गाणं संपल्यावरही ज्याबद्दल घरात बोलणं होत राहिलं, तेवढंच यादीत घ्यायचं.

हे माप का, ते कळायला आधी घर सांगते. आम्ही चेन्नईत वेस्ट मांबलमला राहतो. मांबलम स्टेशनच्या पूर्वेला टी. नगरची साड्या-दागिन्यांची झुंबड आणि पश्चिमेला आमची बाजू: आर्य गौडा रोड, अयोध्या मंडपम, भाजीवाले, कॉफी दळून देणारी दुकानं आणि शहरभर नाव कमावलेले डास. नवरा इथलाच, तमिळ. सासूबाई, म्हणजे आमच्या अम्मा, आमच्याबरोबरच असतात. आणि जूनमध्ये साताऱ्याहून माझी आईही राहायला आली. बाबांना जाऊन वर्ष झालं होतं. एवढ्या घरात तिने एकटीने राहावं असं कुणालाच वाटत नव्हतं.

आईला तमिळ येत नाही. अम्मांना मराठी येत नाही आणि हिंदीचे दोन-चारच शब्द. आई त्यांना ‘विहीणबाई’ म्हणते, त्या आईला ‘संबंधी मामी’. दोघी एकमेकींना चहा-कॉफी विचारायच्या, छान हसायच्या आणि आपापल्या खोलीत जायच्या. साताऱ्यात भांड्यांचा खणखणाट करत वावरणारी माझी आई इथे पेलासुद्धा आवाज न करता ठेवायची. मला ते फार लागायचं. यादीतल्या गोष्टी त्या शांततेत काय काय करून गेल्या, ते सांगते.

पहिली नोंद मे महिन्यातली. सुट्टीत आम्ही पुण्यात होतो आणि १ मे रोजी ‘स्वरगंधर्व सुधीर फडके’ प्रदर्शित झाला होता. योगेश देशपांडे यांचा सिनेमा, बाबूजी झालेत सुनील बर्वे. आईला घेऊन गेले. बाबा गेल्यानंतर ती पहिल्यांदाच थिएटरात आली होती. सिनेमा म्हणून काही जागी तो मला घाईघाईत पुढे सरकणारा वाटला, पण कोल्हापूरहून निघालेल्या त्या मुलाचे उपाशी दिवस पाहताना आई एकदाही हलली नाही. चेन्नईला आल्यावर ती रोज सकाळी गीतरामायण लावू लागली. १९५५च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवर सुरू झालेली ती छप्पन्न गीतं. गदिमांचे शब्द, बाबूजींची चाल. अम्मा एके दिवशी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या, पहिलंच गीत चालू होतं, आणि त्या म्हणाल्या, “मोहनम!” आईला कळेना. मी सांगितलं, आपला भूप तो यांचा मोहनम. मग खेळच सुरू झाला. आपला मालकंस त्यांचा हिंदोळम. आई लावणार, अम्मा ओळखणार. सगळं बरोबर यायचं असं नाही, पण सकाळी सात ते आठ या वेळात दोन खोल्यांची दारं उघडी राहू लागली.

दुसरी नोंद ‘मंजुम्मेल बॉइज’. हा फेब्रुवारीत आलेला मल्याळम सिनेमा. केरळचे मित्र कोडाईकनालला येतात, गुणा गुहेत एक जण खोल कपारीत पडतो आणि दुसरा त्याच्यासाठी खाली उतरतो. २००६ साली खरंच घडलेली गोष्ट. तमिळनाडूत हा सिनेमा डब न करता आठवडेच्या आठवडे गर्दीत चालला. १९९१च्या ‘गुणा’मधलं इळैयराजांचं गाणं त्यात ज्या क्षणी वाजतं, त्या क्षणी आमच्या थिएटरात लोक उभे राहिले. आम्ही तो दुसरीकडे पाहिला. अशोक पिलरजवळचं आमचं उदयम थिएटर आता कायमचं बंद झालंय. सूर्यन, चंद्रन अशी नावं असलेले त्याचे पडदे. माझ्या नवऱ्याचं अर्धं बालपण तिथे गेलंय. तो अजूनही त्या चौकातून जाताना मान वळवून बघतो.

तिसरी, ‘लापता लेडीज’. किरण रावचा. जुलैत घरीच पाहिला. हिंदी असूनही अम्मांना गोष्ट कळली, कारण घुंगटाखाली बायकांची अदलाबदल समजायला भाषा लागत नाही. पण दोघींनाही सगळ्यात आवडली ती स्टेशनवर चहाची टपरी चालवणारी मंजूमाई. छाया कदम. “आपल्या मराठी आहेत त्या,” आई अभिमानाने म्हणाली. तिने या घरात ‘आपल्या’ हा शब्द मोठ्याने उच्चारल्याचं मला ते पहिलंच आठवतं.

आता ज्याच्यासाठी ही यादी लिहायला बसले, तो सिनेमा. ‘मेय्यळगन’. दिग्दर्शक सी. प्रेमकुमार, संगीत गोविंद वसंता, काम अरविंद स्वामी आणि कार्तीचं. थिएटरात सप्टेंबरमध्ये आला, आम्ही पाहिला तो ३० नोव्हेंबरच्या शनिवारी. फेंगल वादळाचा दिवस. सकाळपासून पाऊस, रस्त्यांवर पाणी, विमानतळ बंद. वीज मात्र टिकून होती. सगळे घरात अडकलेले, म्हणून टीव्ही लावला.

सुरुवात १९९६मधल्या तंजावूरची. भाऊबंदकीत एका कुटुंबाचं वडिलोपार्जित घर जातं आणि ते मद्रासला निघतात. निघण्यापूर्वी मुलगा त्या घरात फिरतो. बावीस वर्षांनी तो एका लग्नासाठी नाईलाजाने परत जातो, तिथे एक नातेवाईक त्याला प्रेमाने चिकटतो आणि याला त्याचं नावच आठवत नाही. गोष्ट एवढीच. मारामारी नाही, खलनायक नाही. बऱ्याच लोकांना तो लांबलेला वाटला, प्रदर्शनानंतर काही मिनिटं कापावीही लागली.

आमच्याकडे तो आणखी लांबला, कारण माझी लेक आजीसाठी मराठीत आणि बारीकसारीक गोष्टींसाठी पाटीलाही विचारत अनुवाद करत होती. (पाटी म्हणजे तमिळमध्ये आजी. आई आली तेव्हा तिला हे ऐकून भाजीची पाटी आठवायची.) लेकीचं मराठी हा माझा जुना घोर. मराठीत प्रश्न विचारला की ती तमिळमध्ये उत्तर देते. त्या दिवशी मात्र तिला पर्याय नव्हता. एका जागी ती अडली. “आजी, ते घराच्या पुढे असतं ना, बसायला, त्याला तिण्णै म्हणतात. मराठीत काय?”

“ओटा,” आई म्हणाली. “आपल्या साताऱ्याच्या घराला आहे तो. ओटा.”

अम्मांनी शब्द उचलला. “ओटा.” मग त्या बोलू लागल्या. त्यांचं माहेर कुंभकोणमजवळच्या एका खेड्यात. त्यांच्याही घराला तिण्णै होता, दुपारी त्यावर वाटसरू आडवे व्हायचे. वडिलांनी ते घर विकलं तेव्हा त्या इथे मांबलममध्ये सहा महिन्यांच्या बाळाला घेऊन होत्या, शेवटचं बघायलाही जाता आलं नाही. लग्नाला सतरा वर्षं झाली, हे मी कधी ऐकलं नव्हतं. माझ्या नवऱ्यानेही नाही. लेक वाक्यामागून वाक्य मराठीत करत होती आणि सिनेमा थांबवलेला होता.

आई बराच वेळ गप्प होती. मग तिने मोबाइल काढून अम्मांना साताऱ्याच्या घराचे फोटो दाखवले. ओटा, परसातला कढीपत्ता, बाबांची खुर्ची. आणि तिथेच, आम्हा सगळ्यांसमोर, ती पहिल्यांदा म्हणाली की घराला गिऱ्हाईक आलंय, दादा सहीसाठी फोन करतोय आणि तिला काय करावं ते कळत नाहीये. पाच महिने ती हे एकटीच वागवत होती.

डिसेंबर म्हणजे इथे मार्गळी, गाण्याचा महिना. अनेक सभांमध्ये दुपारच्या मैफली फुकट असतात. अम्मा आईला घेऊन गेल्या, दोघीच. मैफलीच्या शेवटी गायिकेने अभंग धरला. तमिळ मुलखात अभंग नवा नाही. व्यंकोजीराजांपासून १८५५पर्यंत तंजावूरला भोसल्यांचं राज्य होतं, तिथे मराठी कीर्तनकार आले, रुजले, आणि विठ्ठल इथल्या भजनपरंपरेत घरचा झाला. आई सांगत होती, “उच्चार जरा निराळे होते गं, पण टाळ्या आमच्या दोघींच्या एका ठेक्यात पडत होत्या.”

त्याच महिन्यात झाकीर हुसेन गेले. १५ डिसेंबर, सॅन फ्रान्सिस्को, वय ७३. त्याच वर्षी फेब्रुवारीत त्यांना एका रात्रीत तीन ग्रॅमी मिळाली होती, त्यातलं एक ‘शक्ती’च्या ‘दिस मोमेंट’ या अल्बमला. आईला झाकीर माहीत ते चहाच्या जाहिरातीपासून. अम्मांना माहीत ते पहिल्या ‘शक्ती’त त्यांच्या शेजारी घटम वाजवणारे विक्कू विनायकराम, आणि आता त्यांचे चिरंजीव सेल्वगणेश. एकाच मेळाव्याचा अर्धा अर्धा भाग दोघींकडे होता. शंकर महादेवन कोणाचे यावर मात्र वाद झाला. अम्मा म्हणाल्या तमिळ, आई म्हणाली चेंबूरचे, शिवाय ‘कट्यार’मधले पंडितजी. तो वाद अजून मिटलेला नाही.

शेवटची नोंद ‘ऑल वुइ इमॅजिन ॲज लाइट’. पायल कपाडियांचा, मे महिन्यात कान महोत्सवात ग्रां प्री मिळवलेला. थिएटरात राहून गेला होता, ३ जानेवारीला ओटीटीवर आला. मुंबईतल्या दोन मल्याळी परिचारिका आणि त्यांच्याच रुग्णालयात स्वयंपाक करणारी कोकणातली पार्वती. मुलं झोपल्यावर पाहा, प्रमाणपत्र प्रौढांसाठीचं आहे. पार्वती पडद्यावर आली तशा अम्मा ओरडल्या, “टी-कडै अम्मा!” चहाच्या टपरीवाली. पुन्हा छाया कदमच. पार्वतीची खोली बिल्डर घेतो, कारण नवरा गेलाय आणि तिच्याकडे कागद नाहीत. ती रत्नागिरीकडच्या गावी परत जाते. त्याआधी बिल्डरच्या फलकावर दगड मारते, तेव्हा आई खळखळून हसली. मग म्हणाली, “हिच्याकडे कागद नाहीत म्हणून घर गेलं. माझ्याकडे कागद आहेत म्हणून सगळे मागे लागलेत.”

यापेक्षा चांगले सिनेमे २०२४मध्ये आले असतील. त्यांच्या याद्या दुसरीकडे मिळतील. तुमच्याही घरात कुणी गप्प गप्प वावरत असेल, तर ‘मेय्यळगन’ त्यांच्या शेजारी बसून पाहा आणि मध्ये थांबवायला लाजू नका.

साताऱ्याच्या घराचं अजून ठरलेलं नाही. दादाला आईने सांगितलंय की एप्रिलपर्यंत सही मागू नकोस. अयोध्या मंडपमची रामनवमी झाली की ती जाणार आहे, आणि अम्मा बरोबर जाणार आहेत. त्यांना ओटा बघायचाय. दोघींनाही खालचेच बर्थ हवेत, तेवढं आरक्षण उघडलं की मला करायचं आहे.