कळंगुटची नोंदवही

दिवाळी आटोपली, तुळशीची लग्ने लागली, की बेळगावच्या घराघरांतून गोव्याचे बोलणे निघू लागते. ही रीत जुनी आहे. आपल्या गावाला समुद्र नाही, परंतु समुद्र आपल्यापासून दूर आहे असेही कुणी म्हणणार नाही. सह्याद्रीची एक धार ओलांडली की पलीकडे तो आहेच. आम्ही कळंगुटला प्रथम गेलो ते १९८१ साली, अनमोडच्या घाटाने, फोंडा आणि पणजी करीत, धाकट्याला मांडीवर घेऊन. १९८६ च्या पावसाळ्यात पणजीचा मांडवीवरील पूल कोसळला. त्या वर्षी फेरीबोटीच्या रांगेत ताटकळून मुक्कामी पोहोचेपर्यंत दिवेलागण झाली होती. पुढे चोर्ल्याचा रस्ता झाला, अंतर आटले, आणि सकाळचा चहा घरी घेऊन निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला किनाऱ्यावर पोहोचू लागला. त्या वेळी आम्हांला ही केवळ सोय वाटली होती.

२०२४ च्या डिसेंबरात, २ तारखेच्या सोमवारी, आम्ही उभयता पुन्हा निघालो. मुलांनी हसून विचारले, "गोवा ओस पडलाय म्हणतात, आणि तुम्ही तिथे काय बघायला निघालात?" त्या दिवसांत तशी हाकाटी खरोखरच चालू होती. रिकाम्या किनाऱ्यांची छायाचित्रे भ्रमणध्वनींवरून देशभर फिरत होती, आणि ही निव्वळ बदनामी आहे, असे गोवा सरकार बजावून सांगत होते. खरे काय ते पाहून येऊ, असे म्हणून आम्ही जांबोटीची वाट धरली.

घाट उतरल्यावर डिचोलीजवळ नानोड्याला थांबण्याचा आमचा नेम आहे. तेथील देवीचे नाव श्री शांतादुर्गा कळंगुटकरीण. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी बारदेशातील देवळे पाडण्यास सुरुवात केली, तेव्हा भाविकांनी तिला कळंगुटाहून इकडे आणले. गाव सुटले, परंतु गावाचे नाव तिने टाकले नाही. ओटी भरून आम्ही पुढे झालो. वाटेत एका वळणावर सौभाग्यवती म्हणाल्या, "जिचे गाव ती इथे, आणि सारे जग तिकडे." आम्ही नुसती मान हलवली.

कळंगुटात शिरताना वाटले, की ओस पडल्याची वार्ता कुणी वेड्याने उठवली असावी. सेंट आलेक्सच्या चर्चपासून किनाऱ्यापर्यंतचा रस्ता मोटारींनी खच्चून भरलेला. पायऱ्यांपाशी तर पाय ठेवायला जागा नव्हती. परंतु तेथून कांदोळीच्या अंगाने दोन-तीनशे पावले चालून गेलो, तो चित्र पालटले. शॅकच्या पुढे वाळूत मांडलेल्या खाटा ओळीने रिकाम्या होत्या. छत्र्या उघडलेल्या, गाद्या झटकून ठेवलेल्या, आणि वर कुणी नाही. एक वाढपी पोरगा त्यांतल्याच एका खाटेवर बसून नखे कापत होता. डिसेंबराच्या पहिल्या आठवड्यात हे दृश्य आम्ही यापूर्वी पाहिले नव्हते. गर्दी होती, आणि तरी खाटा रिकाम्या होत्या. हे कोडे काही केल्या उलगडेना.

आमचा मुक्काम नेहमीच्याच घरी. माडांच्या बनात मंगळुरी कौलांचे घर, पुढे बलकाव म्हणजे दोन्ही अंगांना बसायची बाके असलेली पडवी, आणि मागे पाहुण्यांसाठी चार खोल्या. १९८१ मध्ये हे घर आताच्या बाईंच्या सासूबाई चालवीत. मुले बाईंना 'आंटी' म्हणत आली. आम्ही मात्र 'बाई'च म्हणतो. त्यांनी आम्हांला पाहताच हात कपाळाशी नेला आणि म्हटले, "आयलात? बरें जालें. औंदा सीझन ना, सायबा." चारपैकी तीन खोल्या बंद होत्या.

दुसऱ्या दिवशी झेवियर संतांचे फेस्त होते. त्या हिवाळ्यात जुन्या गोव्यात दहा वर्षांनी होणारे शवप्रदर्शनही असल्याने बाई पहाटेच तिकडे गेल्या आणि संध्याकाळी दमून परतल्या. बलकावावर बसून चहा घेताना आम्ही त्यांना गर्दीचे कोडे घातले. त्या उत्तर न देता आत गेल्या आणि पुठ्ठ्याची एक जाडजूड वही घेऊन आल्या.

ती पाहुण्यांची नोंदवही होती. परदेशी पाहुणा उतरला, की चोवीस तासांच्या आत 'सी फॉर्म' भरून अधिकाऱ्यांना कळवावे लागे. त्यामुळे बाईंच्या वह्या बँकेच्या खतावणीसारख्या चोख. नाव, देश, पारपत्राचा क्रमांक, आल्याची तारीख, गेल्याची तारीख. आम्ही वाचू लागलो. २००५ च्या सुमाराची पाने घ्या: २१ दिवस, १४ दिवस, २८ दिवस, पुन्हा २१ दिवस. पानभर पंधरा-सोळा नावे, आणि तेवढ्यांत अख्खा हंगाम भरलेला. मँचेस्टरकडचे एक जोडपे, नवरा निवृत्त बसचालक, दर जानेवारीत तीन आठवडे. तेच अक्षर वर्षानुवर्षे, फक्त दरवर्षी थोडे अधिक थरथरणारे. त्यांना आम्हीही ओळखत होतो. बेळगावचा कुंदा त्यांना फार आवडे.

२०१९ च्या जानेवारीनंतर त्यांचे नाव नाही. त्या वर्षी २३ सप्टेंबरला थॉमस कुक ही १७८ वर्षांची ब्रिटिश प्रवासी कंपनी बुडाली. मँचेस्टराहून आणि लंडनजवळच्या गॅटविकहून थेट गोव्यात उतरणारी तिची विमाने थांबली. मागोमाग मार्च २०२० मध्ये महासाथीची टाळेबंदी आली. वहीत पुढची कितीतरी पाने कोरी आहेत. साथ ओसरली, तरी ब्रिटिश नागरिकांना घरबसल्या संगणकावरून व्हिसा मिळण्याची सोय २०२२ च्या डिसेंबरापर्यंत पुन्हा सुरू झाली नव्हती. सत्तरी ओलांडलेल्या माणसांनी त्यासाठी स्वतः कचेरीत हजर व्हायचे. युक्रेनच्या युद्धाने रशियन पाहुण्यांचा ओघ तुटला. ही सारी कारणे वर्तमानपत्रांतून आपण वाचली आहेत. बाईंनी वहीच्या कव्हरातून एक नाताळचे कार्ड काढून दाखवले. २०२३ सालचे. त्यावर दोनऐवजी एकच सही होती, बसचालकाच्या बायकोची.

कोऱ्या पानांनंतर वही पुन्हा भरू लागते. आणि भरभरून भरते. एकेका पानावर तीस नावे. पुणे, हुबळी, हैदराबाद, सुरत, बेळगाव. परंतु शेवटच्या रकान्यांत पाहावे तर १ रात्र, २ रात्री, १ रात्र, १ रात्र. वही बंद करून बाई म्हणाल्या, "लोक येतात. राहत कोणी नाही."

आमचे कोडे सुटले. सरकारी आकडे आम्ही नंतर पाहिले. २०१९ मध्ये गोव्यात सुमारे ७१ लाख देशी आणि ९ लाख ३७ हजार विदेशी पाहुणे आले. २०२३ मध्ये देशी पाहुणे ८१ लाखांच्या वर गेले, विदेशी साडेचार लाखांच्या आसपास उरले. २०२४ मध्ये एकूण संख्येने एक कोटीची मजल ओलांडली, परंतु तीत विदेशी अवघे ४ लाख ६८ हजार. तेव्हा सरकारही खोटे बोलत नव्हते, आणि शॅकवालेही खोटे बोलत नव्हते. माणसे घटली नव्हती. मुक्काम घटला होता.

मुक्काम घटला म्हणजे काय होते, हे बाईंच्या वाड्यावर हिंडल्यावर समजते. तीन आठवडे राहणारा पाहुणा खोलीचे भाडे देतो, हा भाग लहान. तो रोज सकाळी सायकलवरून भोंगा वाजवीत येणाऱ्या पोदेराकडून पाव घेतो. त्याला धोबी लागतो. गल्लीतल्या शिंप्याकडे तो दोन सदरे शिवायला टाकतो, कारण ते मिळेपर्यंत तो इथेच असणार असतो. स्कूटर महिन्याच्या बोलीने घेतो. एकाच शॅकमध्ये रोज जातो, आणि त्याचा हिशेब आठवड्याने होतो. इतकेच नव्हे, तर पुष्कळ इंग्रज म्हातारे इकडे येऊन दातांच्या कवळ्या आणि चष्मे करवून घेत. विलायतेच्या मानाने ते स्वस्त पडे, आणि त्यासाठी लागणारे चार खेपांचे दिवस त्यांच्यापाशी असत. एका रात्रीचा पाहुणा यांतले काय करणार? तो पाण्याची बाटली विकत घेतो, भरतीच्या लाटेत उभा राहून छायाचित्र काढतो, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी घाट चढू लागतो. बाईंच्या शेजारच्या शिंप्याने २०२३ मध्ये यंत्र विकले. त्याच्या जागी आता भ्रमणध्वनीची आवरणे मिळतात.

देशी पाहुण्यांपैकी ज्यांच्यापाशी पैसा आहे, ते मोठ्या हॉटेलांत किंवा बंगल्यांत उतरतात आणि या वाड्यांकडे फिरकत नाहीत. त्यातही टॅक्सीचे भाडे आणि नाताळातील खोल्यांचे दर ऐकून अनेकांनी दुसऱ्या वाटा धरल्या; २०२३ च्या नोव्हेंबरात थायलंडने भारतीयांना व्हिसाची अट काढून टाकल्यावर तर विचारूच नका. कळंगुटच्या आमदारांनी २०२५ च्या फेब्रुवारीत म्हटले, की शॅकमधून इडली-सांबार आणि वडापाव विकू लागल्यामुळे विदेशी पाहुणे दुरावले. बिचाऱ्या वडापावावर एवढे मोठे पाप लादलेले पाहून आम्हांला हसू आले. परंतु हसू ओसरल्यावर आठवले, की आम्ही स्वतः किती वेळा पोळीभाजीचा डबा बांधून नेला, किनाऱ्यावर तो सोडला, आणि शहाळ्याच्या दोन रुपयांसाठी घासाघीस केली! मुले लहान असताना आम्ही आठ-आठ दिवस राहत असू. रस्ता चांगला झाला, आणि आमचेही आठाचे चार व चाराचे दोन झाले. वहीत आमचीही नावे होतीच. तीही आम्ही वाचली.

कळंगुटाने असे बदल पूर्वीही सोसले आहेत. जुन्या काळी गोव्यातलीच मंडळी मे महिन्यात बैलगाड्या जोडून इथे हवापालटाला येत. खारे पाणी अंगाला लागले की वर्षभर दुखणे येत नाही, अशी समजूत होती. गाव पोटाला मिळवी ते रापणीवर. किनाऱ्यावरून ओढायचे ते लांबलचक जाळे, त्याला पन्नास-पन्नास माणसे लागत. सत्तरच्या दशकात यांत्रिक ट्रॉलर आले, किनाऱ्याचा मासा आटला, रापणकारांनी मोठे आंदोलन उभारले. त्याच सुमारास हणजूण-बागा-कळंगुटला हिप्पी येऊन राहू लागले होते. बाईंच्या सासूने जाळी ठेवायची खोली सारवून त्यांना भाड्याने दिली. या घराचा धंदा तिथून सुरू झाला. १९७४ मध्ये सिकेरीला आग्वादच्या तटबंदीलगत ताजचे मोठे हॉटेल झाले, १९८३ मध्ये राष्ट्रकुल परिषदेचे नेते तिथे विश्रांतीला येऊन गेले, आणि त्या दशकाच्या मध्यापासून युरोपातून थेट चार्टर विमाने उतरू लागली. जाळ्यांच्या खोलीच्या चार खोल्या झाल्या.

बाईंचे यजमान तारवटी होते, म्हणजे बोटीवर नोकरीला. ते गेले. मुलाने पोर्तुगीज पारपत्र काढले आणि २०१४ मध्ये तो इंग्लंडात स्विंडनला गेला. त्या गावात गोवेकरांची मोठी वस्ती आहे. इंग्रजांनी इकडे यायचे थांबवले आणि बाईंचा मुलगा तिकडे एका गोदामात रात्रपाळी करतो, हे त्या स्वतःच हसत सांगतात. मुलाचे म्हणणे, घर विकावे. बांधकाम करणारा एक व्यापारी दोनदा येऊन गेला आहे. पाठीमागचे घर त्यानेच घेतले. तिथे आता पोहण्याचा हौद असलेले सहा मजबूत बंगले उभे आहेत, त्यांना दिवे फक्त शनिवारी लागतात.

गुरुवारी रात्री बाईंनी विचारले, "तुमी किते म्हणटात? विकूं?"

चाळीस वर्षांच्या ओळखीत त्यांनी आम्हांला असे काही प्रथमच विचारले. आम्ही शहापुरातला आमचा वडिलोपार्जित वाडा २००९ मध्ये विकला, हे त्यांना ठाऊक होते. म्हणून आम्ही खरे तेच सांगितले. पैसे बरे आले, मुलांची शिक्षणे झाली, गळक्या कौलांची कटकट गेली.

"मागीर?"

मागीर काय? मागाहून एकदा त्या गल्लीतून जाताना आमचे दार नेमके कुठे होते, ते आम्हांला सापडले नाही. दोन खांबांमध्ये वाहने ठेवायची जागा आहे, तिथेच कुठे तरी असावे. एवढे सांगून आम्ही थांबलो. विका असेही म्हणालो नाही, विकू नका असेही नाही. तिच्या छपराचा खर्च आम्ही उचलणार नव्हतो. बाई बराच वेळ माडांकडे पाहत बसल्या. मग उठून त्यांनी पाठीमागचा दिवा घालवला.

दोन रात्रींसाठी म्हणून आलो होतो, त्याच्या चार झाल्या. शुक्रवारी निघताना भाड्यावरून थोडा वाद झाला. बाई जुन्याच दराने घेऊ पाहत होत्या, आणि सौभाग्यवतींनी दारावरच्या पाटीवरचा दर मोजून त्यांच्या हाती ठेवला. फेब्रुवारीतल्या बारा दिवसांचे आगाऊ पैसेही दिले. बाईंनी ते वहीत लिहून घेतले, आणि केळीच्या पानात बांधलेला दोदोल गाडीत ठेवला. "देव बरें करूं," त्या म्हणाल्या.

घाट चढून कणकुंबीला चहासाठी थांबलो. मलप्रभेचे उगमस्थान ते. पूर्वी इथे चिटपाखरू नसे. समोरून मोटारी येत होत्या, बहुतेक के.ए. २२, म्हणजे आपल्या बेळगावच्याच. टपावर दोरीने बांधलेल्या पिशव्या, मागच्या काचेशी मुलांचे रंगीत फुगे. चहा निवेपर्यंत सौभाग्यवतींनी तेवीस मोजल्या. एका गाडीतले लोक उतरून टपरीवाल्याला विचारत होते, "कळंगुटला चारपर्यंत पोहोचू ना? उद्या संध्याकाळी परतायचंय."

टपरीवाला म्हणाला, "आरामात."