तरीमचे ऐदरूस आणि सुरतेचा मिनार

सुरत शहराच्या आग्नेयेस, उधन्यापासून जवळच, नवागाम हे उपनगर आहे. डिंडोलीशी जोडूनच त्याचे नाव घेण्याचा प्रघात आहे. उधन्याहून जळगावास जाणाऱ्या लोहमार्गाने खानदेशची असंख्य कुटुंबे पोटासाठी इकडे आली. त्यामुळे गुजरातेत असूनही येथील गल्लीबोळांत अहिराणी नि मराठी सहज कानी पडते. नवा माणूस भेटला की पहिला प्रश्न ठरलेला, 'तुमचे गाव कोणते?' येथेच जन्मलेला तरुणसुद्धा आजोबांच्या गावाचे नाव सांगतो.

नवागामात आमचा मुक्काम असताना एके सकाळी आम्ही जुन्या सुरतेत सय्यद ऐदरूस यांची मशीद पाहण्यास गेलो. इ. स. १६३९ मध्ये बांधलेल्या ह्या मशिदीचा मिनार एके काळी शहरातील ठळक खुणांपैकी एक गणला जात असे. ज्या घराण्याचे नाव तिला मिळाले त्याचे मूळ दूर अरबस्तानात, हद्रमौत प्रांतातील तरीम नगरात आहे.

ऐदरूसांना 'टोळी' म्हणावे की 'कुळ', असा प्रश्न वाचक विचारतील. हद्रमौतमध्ये हा भेद फार काटेकोरपणे पाळला जाई. शस्त्र बाळगणाऱ्या त्या टोळ्या, आणि पैगंबरांच्या वंशातील म्हणून मान पावलेले ते सय्यद. ऐदरूस दुसऱ्या वर्गातले. त्यांची वंशावळ सांगते की, पैगंबरांचे नातू हुसेन यांच्या वंशातील अहमद नावाचे सत्पुरुष इ. स. ९२९ मध्ये बसरा सोडून निघाले व पुढे हद्रमौतमध्ये स्थायिक झाले. घरदार सोडले म्हणून त्यांस 'मुहाजिर' ही पदवी मिळाली. त्यांचा नातू अलवी. त्याच्यावरून सारा वंश 'बा अलवी' म्हणून ओळखला जाऊ लागला. पुढे पंधराव्या शतकात तरीम येथे अब्दुल्ला अल्-ऐदरूस झाले आणि त्यांच्यापासून ही शाखा निघाली. अब्दुल्लांचे पुत्र अबू बक्र एडनला जाऊन राहिले; त्या बंदराचे रक्षक संत म्हणून त्यांची कीर्ती आहे.

तरीमच्या खोऱ्यात पाऊस बेताचा, शेती थोडी. समुद्राकडे पाहण्यावाचून गत्यंतर नव्हते. नैर्ऋत्य वाऱ्यांच्या अखेरीस अरबस्तानातून गलबते गुजरातच्या किनाऱ्याला लागत. मक्केच्या यात्रेकरूंचे सुरत हे तर प्रवेशद्वारच होते. १६४४ साली त्यांच्यासाठी बांधलेल्या मोगलसराईत पुढे महानगरपालिकेचे कार्यालय आले. अब्दुल्लांचे पणतू शेख हे १५५१ मध्ये अहमदाबादेस आले व १५८२ मध्ये तेथेच निवर्तले. त्यांचे नातू मुहंमद तरीमहून आजोबांकडे आले, मग सुरतेत राहिले. १६२२च्या सुमारास ते येथेच पैगंबरवासी झाले.

शेख यांचे पुत्र अब्दुल कादिर यांची कथा आम्हांस सर्वांत हृद्य वाटली. १५७० मध्ये अहमदाबादेत जन्मलेल्या ह्या पंडिताने हिजरी दहाव्या शतकातील थोरामोठ्यांची चरित्रे 'अन्-नूर अस्-साफिर' ह्या अरबी ग्रंथात वर्षानुक्रमे लिहिली. त्यातच त्याने आपली आई हिंदी दासी होती हे स्वतः नमूद केले आहे. वंश पित्याकडून चालतो, ह्या नियमामुळे तो तरीमचा सय्यद ठरला. पण आईला त्याने पानाआड लपविले नाही. जी वंशावळ केवळ पुरुषांची नावे मिरवते तिच्या शेजारी हे एक पान आम्हांस मोलाचे वाटते. शुद्ध रक्ताच्या गप्पा मारणाऱ्यांनी ते अवश्य वाचावे.

ह्याच घराण्यातील आणखी एक शेख, जुन्या शेखांचे नातू, दक्षिणेत उतरले. मलिक अंबरने त्यांचा आदर केला. विजापूरच्या इब्राहिम आदिलशहाचा आश्रयही त्यांस लाभला. १६३१च्या सुमारास दौलताबाद येथे त्यांचा अंत झाला. म्हणजे तरीमचा एक धागा आपल्या मराठवाड्याच्या मातीतही विरला आहे. पूर्वेकडे तर हे लोक थेट बोर्निओपर्यंत गेले. तेथील कुबू संस्थान एका ऐदरूसानेच स्थापिले.

महाराष्ट्राला मात्र अरब आठवतो तो तलवारीचा. मालेगावचा कोट १८१८ मध्ये इंग्रजांविरुद्ध निकराने लढविला तो अरब शिबंदीने. निजामाच्या पदरचे जमादार उमर बिन अवद हे याफा टोळीतल्या कुऐती घराण्याचे. त्यांच्या वंशजांनी हैदराबादेत मिळविलेल्या द्रव्याच्या बळावर हद्रमौतच्या किनाऱ्यावर राज्य उभारले. ते १९६७ मध्ये लयास गेले. सय्यदांनी येथे कबरी ठेविल्या, शिपायांनी येथून पैसा नेला, असे म्हणण्याचा मोह होतो; परंतु हैदराबादेच्या बारकस वस्तीत त्या शिपायांचेही वंशज राहिलेच आहेत.