ह्यांचं दार

परवा भाच्याने एक जाहिरात दाखविली : ‘टायगर मॉथ’ विमान, जुने पण नव्याने दुरुस्त केलेले, विकणे आहे! १९३१ साली इंग्लंडात हे विमान प्रथम उडाले. दुसऱ्या महायुद्धात हैदराबादच्या बेगमपेठेत शिकाऊ वैमानिक त्याच्यावरच धडे गिरवीत. आमचे किल्लारीही तेव्हा निजामाच्याच राज्यात. म्हणजे ओळख तशी घरचीच!

“पण मामा, ह्यात जुनं काय उरलं असेल?” भाच्याने विचारले.

प्रश्न रास्त होता. ह्या विमानाचा सांगाडा पोलादी नळ्यांचा. पंख लाकडाचे, वर ताणलेले कापड. कापड विरले की बदलायचे, लाकूड कुजले की बदलायचे.

माझी नजर दाराकडे गेली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपात दगडमातीच्या भिंती कोसळल्या. वडील त्यांखालीच राहिले. नव्या गावातल्या घराला आम्ही ढिगाऱ्यातून काढलेले सागवानी दार बसविले. चौकट नवी, बिजागऱ्या दोनदा बदललेल्या. तरी आई त्याला ‘ह्यांचं दार’ म्हणते. मागे एक व्यापारी चांगली किंमत देत होता. आई म्हणाली, “मग रात्री कडी कशाला लावू?”

आपल्या हवाई दलानेही असेच एक टायगर मॉथ दुरुस्त करून २०१२ साली हिंडनला उडविले होते.

मी भाच्याला म्हटले, “घेणारा ते उडवणार आहे की दिवाणखान्यात ठेवणार, तेवढं विचार. उडवणार असेल, तर ते जुनंच विमान आहे.”