प्रवचनात राहिलेले नाव

आमच्या पेठ वडगावात सेनापती धनाजी जाधवांची समाधी आहे. इ. स. १७०८ मध्ये त्यांचा अंत याच गावी झाला, हे इथल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असते. पण मोगली फौजेला धनाजींच्या घोडदळाने ज्या वर्षांत हैराण केले, त्यांतील १७०० ते १७०७ या वर्षांत राज्याची सूत्रे महाराणी ताराबाईंच्या हाती होती, हे मात्र आठवण करून द्यावे लागते. पन्हाळा इथून काही फार दूर नाही, तरीही द्यावे लागते. लोकांच्या या विस्मरणाबद्दल मी पूर्वी अधूनमधून तक्रार करीत असे. आता करीत नाही. त्याचे कारण सांगण्यासाठीच हा लेख.

परमगुरू फ्रान्सिस यांनी २०१९ साली 'देवशब्दाचा रविवार' सुरू केला. दरवर्षी सामान्य काळातील तिसऱ्या रविवारी तो पाळला जातो. अशाच एका रविवारी मी मराठीतील पवित्र शास्त्राच्या इतिहासावर प्रवचन दिले. तयारी बरी केली होती. फादर थॉमस स्टीफन्स यांचे १६१६ सालचे 'ख्रिस्तपुराण' सांगितले, त्यांचे मराठीवरील प्रेम सांगितले, तिथून विल्यम कॅरी यांच्या १८११ च्या मराठी नव्या करारावर आलो आणि पुढे आपल्या काळापर्यंत पोहोचलो. मिस्सा संपल्यावर दोघा-तिघांनी प्रवचन आवडल्याचे सांगितले. मी सुखावलो.

तेवढ्यात आमच्या धर्मग्रामातील सर्वांत वयस्क आजी काठी टेकीत जवळ आल्या. त्यांचे माहेर दौंडकडचे, प्रॉटेस्टंट कुटुंबातले. लग्न होऊन त्या इकडे आल्या आणि कॅथलिक झाल्या.

"फादर, केडगावच्या बाईंचं नाव राहिलं."

पंडिता रमाबाईंविषयी त्या बोलत होत्या, हे मला तत्काळ कळले. उत्तरही तत्काळ सुचले. "आजी, त्या काही आपल्या पंथाच्या नव्हत्या."

"मग ते कॅरीसाहेब आपल्या पंथाचे होते होय?"

यावर मी काय बोलणार? आजींनी मला फार वेळ तिष्ठत ठेवले नाही. त्यांनी स्वतःच्या आजीची हकिकत सांगितली. दुष्काळात अनाथ झालेली ती मुलगी मुक्तिसदनात वाढली आणि तिथल्या छापखान्यात खिळे जुळवायला शिकली. लग्नानंतर कित्येक वर्षांनीही ती उलटी अक्षरे सरळ अक्षरांपेक्षा लवकर वाचीत असे, म्हणे.

त्या रात्री मी सेमिनरीतील माझी जुनी वही काढली. हिब्रूचा अभ्यास मला फार जड गेला होता. तरुण वय, शिकवायला गुरुजन, जेवणाची घंटा वेळेवर, अशा सगळ्या सुखसोयी असूनही क्रियापदांची रूपे पाठ होत नव्हती. रमाबाईंना लहानपणी संस्कृत शिकवले ते त्यांच्या आईने. सोळा-सतराव्या वर्षी, १८७४ च्या सुमारास, आईवडील दोघेही उपासमारीच्या भटकंतीत गेले. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी या मुलीला 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरविले. १८८२ मध्ये पती गेले. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा झाला. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन निघाले. पुढे केडगावचे मुक्तिसदन. ही चरित्ररेखा आपल्यापैकी पुष्कळांना माहीत आहे. त्याच बाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून, शेकडो मुलींच्या अन्नवस्त्राची काळजी वाहत असतानाच, संपूर्ण पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर एकटीने केले. एका स्त्रीने एकटीने संपूर्ण शास्त्राचा अनुवाद केल्याची उदाहरणे जगात फारच थोडी आहेत. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या निवर्तल्या. काम त्याआधी थोडेच दिवस पुरे झाले होते. आदल्याच वर्षी त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा वारली होती. ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर पडला. त्याचे खिळेही आश्रमातील स्त्रियांनीच जुळवले.

हे भाषांतर निर्दोष आहे असे मी म्हणणार नाही. वाक्यरचना बऱ्याच ठिकाणी अवघडते, आणि मिस्सेतील वाचनासाठी मी तो ग्रंथ सुचवणार नाही. पण त्या अवघडलेपणामागे विचार होता. ज्या शब्दांना वेदान्ताचा अर्थ आधीच चिकटलेला आहे असे शब्द टाळावेत आणि थोडे शिकलेल्या बाईलाही कळेल असे मराठी लिहावे, हा त्यांचा आग्रह होता. ज्या विदुषीला संस्कृत मातृभाषेसारखे येत होते, तिने ते बाजूला ठेवावे, हे मला त्या अनुवादातील गुणदोषांपेक्षा मोठे वाटते.

मग मी त्यांचे नाव का विसरलो? खरे तर विसरलो नव्हतोच. रमाबाई माझ्या मनात होत्या, पण 'अनाथांची माउली' या कप्प्यात. प्रवचनाची तयारी करताना मी तो कप्पा उघडलाच नाही. स्त्रीने अन्न द्यावे, शुश्रूषा करावी, डोळे पुसावेत; ते आपण कृतज्ञतेने लक्षात ठेवतो. तिने व्याकरणाचा निर्णय दिला, तर तो कुठे नोंदवायचा हे आपल्याला समजत नाही. त्यांच्या हयातीतही हेच घडले होते. चेल्टनमला असताना त्यांनी तरुण इंग्रज पुरुषांना शिकवावे अशी सूचना पुढे आली, तेव्हा त्यांच्याच चर्चमधील धर्माधिकाऱ्यांनी हरकत घेतली. स्वदेशी पुरुषांच्या सभांमध्ये व्याख्याने दिलेल्या रमाबाईंना याचे फार वाईट वाटले.

आपण कॅथलिकांनी दुसऱ्यांकडे बोट दाखवू नये. आविलाची संत तेरेजा १५८२ मध्ये आणि सिएनाची संत कॅथरीन १३८० मध्ये स्वर्गवासी झाली. ख्रिस्तसभेच्या आचार्यांत त्यांची गणना झाली ती १९७० मध्ये. वाचक आणि वेदीसेवक ही पदे स्त्रियांना रीतसर खुली झाली ती २०२१ मध्ये.

वही चाळताना अडुसष्टाव्या स्तोत्रापाशी माझीच एक टीप सापडली. प्रभू शब्द देतो आणि शुभवार्ता सांगणाऱ्यांचा समुदाय मोठा आहे, असे तिथे म्हटले आहे. 'सांगणाऱ्या' हे मूळ हिब्रू रूप स्त्रीलिंगी अनेकवचनी आहे. कित्येक भाषांतरांत ते लिंग गळून पडते. समासात मी पेन्सिलीने 'स्त्री. अ. व.' असे लिहून ठेवले होते. परीक्षेसाठी असावे. इतक्या वर्षांत व्यासपीठावरून ते एकदाही सांगितले नाही.

आमच्या धर्मग्रामात एक शिक्षिका आहेत. संस्कृत घेऊन पदवीधर झालेल्या, वाचन दांडगे. गेली कित्येक वर्षे मी त्यांच्याकडे वेदीवरील फुले आणि नाताळचे गायन सोपवीत आलो होतो. त्यांनी ते कधी नाकारले नाही आणि मी कधी दुसरे काही विचारले नाही. मिस्सेतील प्रवचन हे धर्मगुरूचे किंवा उपगुरूचे काम आहे, हा नियम मी पाळतो. पण शनिवारचा शास्त्राभ्यास मीच घ्यावा असा नियम कुठेही नाही. तो आता त्या घेतात.

पहिल्या शनिवारी मी दाराजवळच्या खुर्चीवर बसलो. पुरुषमंडळी थोडी कमी होती, ती पुढे हळूहळू आली. आजी नातवाचा हात धरून आल्या आणि पहिल्या बाकावर बसल्या. तिसऱ्या शनिवारी रूथच्या पुस्तकावर चर्चा चालू असताना बाईंनी माझ्या एका जुन्या प्रवचनातील अर्थ नावानिशी खोडून काढला. सगळ्यांनी मागे वळून माझ्याकडे पाहिले. मी म्हटले, "मूळ पाहून सांगतो."

मूळ पाहिले. बाईंचेच बरोबर होते. येत्या शनिवारी तसे सांगायचे आहे.