पोकळ दगड

“हा पोकळ आहे, जोत्याला नाही चालायचा,” असं म्हणत गवंड्याने त्याला बाजूला केलं आणि तेवढ्यावरून तो आमच्या घरचा झाला. पनवेलजवळच्या खाणीतून घराच्या बांधकामासाठी काळे दगड आले, त्यांतला तो एक. त्याचे भाऊबंद जोत्यात चिणले गेले. हा ओटीवर बसला तो बसलाच.

त्याचं कूळ मोठं. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हा पसरला, त्याचा हा बेसॉल्ट. माथेरानच्या कड्यांत हे थर आडवे दिसतात. पनवेलपाशी ते समुद्राकडे कलतात. भूशास्त्रात या वाकाला ‘पनवेल फ्लेक्शर’ असंच नाव आहे. लाव्हा निवताना वायूचा एक बुडबुडा आत अडकला, ती याची पोकळी. पुढे खडकातून झिरपणाऱ्या ऊन पाण्याने सिलिका, कॅल्शियम, ॲल्युमिनियम विरघळवून आणलं आणि तिथे एकेक बिऱ्हाड वसवलं.

ही बिऱ्हाडं ओळखायला मला बरीच वर्षं लागली. भिंतीला लागून गारेचे बारीक स्फटिक आहेत. ते काचेवर ओरखडा काढतात. पिवळसर कॅल्साइट मऊ. व्हिनेगरचा थेंब टाकला की बारीक बुडबुडे सोडतो. गुलाबीसर स्टिल्बाइटचे जुडगे भाताच्या पेंढीसारखे, मध्ये आवळलेले आणि दोन्ही टोकांना फुललेले. त्यांच्यावर बसलेला चौकोनी, पाणीदार ॲपोफिलाइट. त्याची चकाकी पाहून युरोपातल्या जुन्या अभ्यासकांनी त्याला माशाच्या डोळ्याचा दगड म्हटलं होतं. ताज्या मासळीवर वाढलेल्या पनवेलकराला ते लगेच पटतं.

रंगावरून यांची जात ठरत नाही. पहिला प्रश्न, तू कशाचा? कॅल्साइट कार्बोनेटचा, म्हणून तो वेगळ्या घराण्यातला. बाकीच्यांत सिलिकॉन आणि ऑक्सिजन आहेत. मग दुसरा प्रश्न, तू रचला गेलास कसा? सिलिकॉनच्या एका अणूभोवती ऑक्सिजनचे चार, ही या सिलिकेट घराण्याची वीट. ॲपोफिलाइटमध्ये या विटांचे पापुद्रे होतात, म्हणून तो पापुद्र्यांनी सुटतो. स्टिल्बाइटमध्ये त्यांचा चहूबाजूंनी जोडलेला सांगाडा होतो. काही विटांत सिलिकॉनच्या जागी ॲल्युमिनियम असतं आणि सांगाड्यातल्या बोळांत पाणी राहतं. १७५६ साली स्वीडनच्या क्रोनस्टेट यांनी असाच दगड तापवला, तो उकळल्यासारखा फसफसला, म्हणून त्यांनी या गटाला ‘झिओलाइट’, उकळणारा दगड, हे नाव दिलं.

गारेपाशी मात्र जाणकारांचंही एकमत नाही. ती नुसती सिलिकॉन आणि ऑक्सिजनची, म्हणून हुगो स्ट्रुंट्झ यांच्या १९४१च्या वर्गीकरणाच्या परंपरेत ती ऑक्साइडांत बसते. जेम्स ड्वाइट डाना यांच्या १८३७च्या ग्रंथातून वाढलेल्या परंपरेत ती आज सांगाडेवाल्या सिलिकेटांत मोडते. दोघांनाही ती नीट दिसली आहे. एकाने द्रव्य आधी पाहिलं, दुसऱ्याने घडण. घडण किती मोलाची, ते पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींनी दाखवलंय. तिथली निळीशार कॅव्हन्साइट आणि पेंटॅगोनाइट एकाच द्रव्याची, सूत्रात फरक नाही. फक्त अणूंची मांडणी वेगळी, म्हणून खनिजं दोन.

हे कळलं, तसं गवंड्याचं वाक्य मला नव्याने ऐकू येऊ लागलं. तो चुकला नव्हता. भार घ्यायला भरीव दगडच हवा. त्या भरीव दगडातही फेल्स्पार आणि पायरोक्सीनचे स्फटिक असतात, पण एकमेकांना खेटून, इतके बारीक की भिंगाशिवाय कळू नयेत. आपापल्या नियमाने कोन आणि कडा धरायला त्यांना जागाच मिळाली नाही. ओटीवरच्या याला ती मिळाली.

पनवेलच्या डोंगरांतून आजही दगड निघतो, त्याची खडी होते, तिच्यावर घरं आणि रस्ते उभे राहतात. खडीचा डंपर दारावरून गेला की माझी नजर त्या काळ्या ढिगावर फिरते, कुठे एखादी गुलाबी पेंढी चमकते का म्हणून.